चोराला आंधळं करणारा धूर हवा, पण नियम लावून

चोरी हे आता काही मिनिटांत उरकायचं काम झालंय आणि आपली बहुतेक सिक्युरिटी मात्र चोर निवांत अर्धा-पाऊण तास आत बसेल असं धरूनच लावलेली असते. २५ नोव्हेंबर २०१९ ची जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातली, ग्रीन व्हॉल्ट या जुन्या राजखजिन्याच्या म्युझियममधली चोरी आठवा. पहाटेची वेळ, गार्डना चोर कॅमेऱ्यावर दिसत होते, चोरांकडे हत्यार असेल म्हणून त्यांनी स्वतः अंगावर न जाता नियमाप्रमाणे पोलिसांना फोन केला, पोलीस पाचेक मिनिटांत पोचले सुद्धा, आणि तेवढ्यात कुऱ्हाडीने काच फोडून अठराव्या शतकातले हिऱ्यांचे दागिने घेऊन चोर पसार. तीन वर्षांनी जर्मनीतच, बव्हेरियात मांचिंगच्या म्युझियममधून प्राचीन केल्टिक लोकांची ४८३ सोन्याची नाणी गेली, तिथे तर आधी टेलिफोनच्या केबल कापल्या म्हणजे अलार्म बाहेर पोचलाच नाही, आणि आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नऊ मिनिटं लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पॅरिसचं लूव्र म्युझियम, सकाळी साडेनऊला, ट्रकवरची फर्निचर चढवायची लिफ्ट लावून खिडकीतून आत, चार मिनिटंसुद्धा आत नव्हते आणि ८ कोटी ८० लाख युरोचे दागिने गेले.

कुठे कॅमेरे होते, कुठे अलार्म, कुठे जाड काचा. ड्रेस्डेनमध्ये कोणी झोपलेलं नव्हतं, तरी हे घडलं. कॅमेरा चोराचा फोटो काढतो, अलार्म दुसऱ्या कोणाला तरी बोलावतो, आणि तो दुसरा येईपर्यंतच्या मिनिटांत चोराला अडवणारं तिथे काहीच नसतं. नंतर फुटेज बघत बसायचं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

ही मधली मिनिटं चोराकडून काढून घेणारं एक साधन आहे आणि ते आजचं नाही, युरोपात बरीच वर्षं दुकानं, गोदामं, बँका वापरतायत, ते म्हणजे धूर सोडणारं मशीन. माझं म्हणणं सरळ आहे: हे साधन चांगलं आहे, जास्त ठिकाणी यायला हवं, पण कोणीही ऑनलाइन मागवून भिंतीवर खिळे ठोकून लावावं अशी ही वस्तू नाही, आणि आज ते जवळपास तसं विकलं जातंय म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी ते चालतं कसं. डब्यात एक धातूचा ब्लॉक असतो, तो कायम तापवून ठेवलेला, पाण्याच्या उकळबिंदूच्या कितीतरी वर. सेन्सरने इशारा दिला की ग्लायकॉल नावाचं पातळ रसायन आणि शुद्ध पाणी यांचं मिश्रण पंपाने नाहीतर गॅसच्या दाबाने त्या ब्लॉकमधून ढकललं जातं, क्षणात त्याची वाफ होते, आणि नॉझलमधून बाहेर पडून खोलीतल्या थंड हवेत आली की तिचे इतके बारीक थेंब बनतात की ते लवकर खाली बसत नाहीत, तरंगत राहतात. काहीही जळत नाही. स्टेजवर कॉन्सर्टला जो पांढरा धूर सोडतात त्याच जातीचं हे, फक्त तिथे लाईटचे झोत दिसावेत एवढाच सोडतात आणि इथे काहीच दिसू नये इतका. लाईट घालवली तरी ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता आणि बॅटरी यावर मशीन काही वेळ काम करू शकतं, त्यामुळे वायर कापणाऱ्या चोरापुढेही ते लगेच मुकं होत नाही.

आणि खोलीत होतं काय तर आधी जोराचा फुस्स असा आवाज येतो, एक पांढरा झोत सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळतो आणि तिथून सगळीकडे पसरत मागे येतो, काही सेकंदात काउंटर जातं, मग शोकेस जातात, मग हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. टॉर्च लावला तर अजून वाईट, कारण प्रकाश त्या थेंबांवरून चहूकडे उधळतो आणि डोळ्यांसमोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. अशा खोलीत ट्रे शोधणार कुठे आणि कुलूप तोडणार कसं. ज्या वाटेने आला ती वाट विसरायच्या आत मागे फिरणं एवढंच चोराच्या हातात उरतं, आणि बहुतेक वेळा तो तेच करणार, कारण तो पैशासाठी आलेला असतो, लढायला आलेला नसतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं तर माल वाचतो आणि कोणाला इजा होत नाही, चोरालाही नाही. हे वाक्य वाचून काही जण चिडतील हे माहीत आहे, चोराची कसली काळजी, त्याला चांगली अद्दल घडली पाहिजे वगैरे. हा राग मी समजू शकतो, ज्याचं दुकान फुटलंय त्याला तर नक्कीच येणार. पण माणूस समोर नसताना आपोआप इजा करणारं यंत्र लावून ठेवायचं की नाही यावर पूर्वी पुरता विचार झालेला आहे. इंग्लंडमध्ये जमीनदार लोक शिकारचोरांसाठी रानात तारेला बांधलेल्या बंदुका लावून ठेवायचे, पाय तारेत अडकला की गोळी, आणि ती तार शिकारचोर ओळखायची नाही, वाट चुकलेलं पोर असो की लाकडं गोळा करणारी बाई, तिला सगळे सारखेच. १८२७ मध्ये कायदा करून त्यावर बंदी आणावी लागली, रात्री राहत्या घराच्या आत तेवढी सूट ठेवली.

अमेरिकेत आयोवा राज्यातली केस तर अजून जवळची आहे. एक पडीक फार्महाउस, तिथे वारंवार चोऱ्या होत होत्या, बोर्ड लावून झाले, खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या, शेवटी मालकांनी बेडरूमच्या दाराला तार बांधून शॉटगन लावली, दार उघडलं की उडणार अशी, आणि बाहेरून दिसणार नाही अशी. १९६७ मध्ये एक माणूस जुन्या बाटल्या आणि बरण्या घ्यायला आत शिरला. पायाच्या हाडाचा मोठा तुकडा उडाला. त्याच्यावर चोरीचा गुन्हा झाला, पण त्याने उलट दावा लावला तेव्हा ज्युरीने त्याला वीस हजार डॉलर भरपाई आणि वर दहा हजार दंड म्हणून मालकांकडून देववले आणि १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. तेव्हा लोक प्रचंड भडकले होते, चोराला बक्षीस दिलं म्हणून. पण कोर्टाचा मुद्दा अगदी साधा होता, जे काम मालक स्वतः तिथे हजर असता तर करायचा त्याला हक्क नव्हता ते काम तो यंत्राकडून करून घेऊ शकत नाही, आणि रिकाम्या घरातल्या बरण्यांसाठी माणसावर गोळी झाडायचा हक्क कोणालाच नाही.

हीच कसोटी मी धुराच्या मशीनला लावतो आणि साधा ग्लायकॉलचा धूर त्यात पास होतो. मालक स्वतः तिथे असता तर लाईट घालवून सगळं अंधारात टाकणं त्याच्या हक्कातलं होतं, मशीन पण तेच करतंय, फक्त पांढऱ्या रंगात. पण त्याच धुरात मिरचीचा अर्क मिसळला की कसोटी तिथेच फेल. असे प्रकार विकायला येतात, जास्त इफेक्टिव्ह म्हणून जाहिरात होते, आणि मला ते पूर्णपणे बंद व्हायला हवेत. कारण मग धूर नुसता दिसणं बंद करत नाही, डोळे जाळतो, श्वास कोंडतो, आणि तोही अशा खोलीत जिथे बाहेरची वाट दिसत नाही. आणि आत कोण आहे हे मशीनला कळत नाही, चोर असेल, विसरलेली बॅग घ्यायला आलेली कर्मचारी असेल, पहाटे सफाईला आलेला दम्याचा पेशंट असेल.

यातूनच दुसरी अट निघते, धूर सोडताना बाहेर जायची वाट मोकळी राहिली पाहिजे. नॉझल दाराकडे तोंड करून लावायचं नाही, धूर मालाच्या बाजूने सुरू होऊन माणसाला दाराकडे ढकलत गेला पाहिजे, आणि चोराला आत कोंडायचं म्हणून धुरासोबत आपोआप शटर पाडायचं हे तर अजिबात नको. चोर पकडला जावा असं मलाही वाटतं, पण कोंडलेला आणि घाबरलेला माणूस काय करेल याचा भरवसा नसतो, तो काच फोडेल, आग लावेल, आणि दार उघडणाऱ्या पहिल्या पोलिसावर धावून जाईल.

युरोपात यासाठी ईएन ५०१३१-८ हे स्टँडर्ड २००९ पासून आहे. धूर किती वेळात किती दाट व्हायला हवा ते कसं मोजायचं आणि माणसाला अपाय होऊ नये म्हणून काय तपासायचं अशा गोष्टी त्यात येतात. म्हणजे चाक नव्याने शोधायची गरज नाहीये. फक्त स्टँडर्ड कागदावर असणं वेगळं आणि त्याशिवाय मशीन विकताच येणार नाही असा कायदा असणं वेगळं.

आता फायर ब्रिगेड. हा मुद्दा विकणारे कंपनीवाले एका ओळीत उडवतात आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. रात्री दुकानाच्या शटरखालून पांढरे लोट बाहेर येताना दिसले तर रस्त्यावरचा कोणीही माणूस काय समजणार, आग लागलीय हेच समजणार, आणि फायर ब्रिगेडला फोन करणार, आणि त्याने करायलाच हवा. वर आतला स्मोक डिटेक्टर. प्रकाशावर चालणारा डिटेक्टर हवेत बारीक कण आले की वाजतो, ते कण लाकडाच्या धुराचे आहेत की ग्लायकॉलचे थेंब आहेत हा फरक त्याला सहसा कळत नाही. मग काही ठिकाणी इन्स्टॉल करणारे सोपा मार्ग काढतात, धूर सुटला की त्या खोलीतले डिटेक्टर बंद. आणि समजा चोराने खरंच आग लावली तर? पुरावा जाळायला आग लावणं काही नवीन नाही, ड्रेस्डेनच्या टोळीने सुद्धा आधी जवळचा विजेचा बॉक्स पेटवला आणि नंतर पळायची गाडी पेटवून दिली. त्यामुळे डिटेक्टर सरसकट बंद करणं हा उपाय नव्हे. उष्णतेवर चालणारा वेगळा डिटेक्टर तिथे असायला हवा, जो धुराने फसत नाही, आणि स्थानिक फायर ब्रिगेडकडे नोंद हवी की या पत्त्यावर असं मशीन आहे, शिवाय दारावर बाहेरून वाचता येईल अशी पाटी. पाटीने चोर सावध होईल असं कोणी म्हणेल, तर होऊ दे की, सावध होऊन तो आलाच नाही तर अजून काय पाहिजे.

आत जाणाऱ्या फायरमनचा विचार करा. त्याला दार उघडल्यावर दोन फुटांपलीकडे दिसत नाहीये, हे आगीचं आहे की मशीनचं हे माहीत नाही, आत माणूस अडकलाय का माहीत नाही, आणि त्याला जावंच लागतं. आपल्या मालासाठी आपण त्याला या स्थितीत ढकलत असू तर निदान आधी कळवायची जबाबदारी आपली आहे.

खोट्या अलार्मचा प्रश्न याला चिकटूनच येतो. अमेरिकेत पोलिसांना येणाऱ्या अलार्मच्या कॉलपैकी ९४ ते ९८ टक्के खोटे निघतात असं तिथल्या पोलिसांसाठीच्या गाइडमध्ये लिहिलेलं आहे, कधी मांजर, कधी हललेला पडदा, कधी कोड विसरलेला कर्मचारी. सॉल्ट लेक सिटीने तर २००० मध्ये नियमच केला की कोणीतरी प्रत्यक्ष खात्री केल्याशिवाय पोलीस साध्या अलार्मवर जाणार नाहीत. धुराच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे, पोलीस उशिरा येणार असतील किंवा येणारच नसतील तर तोपर्यंत माल राखणारं काहीतरी हवंच. पण तोच मुद्दा उलटाही फिरतो. ज्या सेन्सरच्या शंभरातल्या नव्वदहून जास्त हाका खोट्या, त्याच एका सेन्सरच्या हातात धुराचं बटण द्यायचं का? मुळीच नाही. निदान दोन वेगवेगळ्या जातीचे सेन्सर लागोपाठ वाजले तरच, म्हणजे दार फुटल्याचं कळलं आणि मग आत हालचालही दिसली तर, नाहीतर कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाने कॅमेऱ्यात बघून खात्री केली तरच. घरांसाठी युरोपात जी अशी सर्व्हिस मिळते त्यात माणसाने बघून बटण दाबायची पद्धत आहे आणि मला ती आपोआप चालणाऱ्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

घराच्या बाबतीत मी यापेक्षाही कडक आहे. रात्री बंद झालेलं दुकान रिकामं असतं हे धरून चालता येतं, घर रिकामं आहे हे मशीनला कधीच खात्रीने माहीत नसतं. म्हातारे आईवडील उठून पाणी प्यायला आले, पोरगं उशिरा खिडकीतून आत आलं, आणि पुढच्या काही सेकंदात त्यांना जिना कुठे आहे ते दिसत नाही. धुराने काही होत नाही हो, पण जिन्यावरून पडून होतं. त्यामुळे लोक घरात असताना आपोआप चालणारी सेटिंग मशीनमध्ये असूच नये, मालकाला हवी असली तरी नसावी.

दिवसाच्या दरोड्यांचंही तसंच. काउंटरखाली पॅनिक बटण, चोर बंदूक घेऊन उभा, कर्मचारी बटण दाबतो आणि खोली पांढरी. कल्पना ऐकायला छान आहे, पण बंदूकवाला माणूस आणि चार घाबरलेली माणसं एकमेकांना न दिसता एका खोलीत ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची स्थिती आहे. लूव्रमध्ये धूर असता तर दागिने वाचले असते का, कदाचित हो, पण तिथे सकाळी प्रेक्षक आत होते, आणि त्यांना आंधळं करायचा निर्णय मी तरी कुठल्याही सेन्सरवर सोडला नसता. दागिने तिजोरीत ठेवलेली मागची खोली धुराने भरा आणि लोकांची खोली मोकळी ठेवा, इतपत ठीक.

तब्येतीचं काय, हे बरेच जण विचारतात. ग्लायकॉलचे काही प्रकार विषारी असतात, पण प्रोपिलीन ग्लायकॉल हे तसं विष नाही, ई-सिगारेटच्या वाफेतही प्रोपिलीन ग्लायकॉलच असतं आणि औषधांत, खाद्यपदार्थांत ते वापरतात. पण अगदी निरुपद्रवी म्हणणं सुद्धा खरं नाही. स्टेजवरच्या धुरात रोज काम करणाऱ्या लोकांवर अभ्यास झालेत, जास्त प्रमाणात घसा आणि नाक चुरचुरतं, खोकला होतो, छाती भरल्यासारखी वाटते हे त्यात दिसलंय. चोरीच्या रात्री एकदा लागणारा धूर आणि वर्षानुवर्षं रोज लागणारा धूर यात फरक आहेच, तरी दार-खिडक्या उघडून खोली पूर्ण हवेशीर झाल्याशिवाय आत कामाला जायचं नाही एवढं पाळावं. खरी भीती स्वस्तातल्या नकलांची आहे. मिलिटरीच्या काही जुन्या स्मोक ग्रेनेडमध्ये झिंक क्लोराइडचा धूर निघतो, बंद जागेत तो फुफ्फुसं खराब करतो आणि ट्रेनिंगमध्ये माणसं त्याने मेलेली आहेत. डब्यात नेमकं काय भरलंय हे विकत घेणाऱ्याला बघून कळत नाही, त्यामुळे लिक्विड कुठलं, कधी भरलं, कधी संपतं हे डब्यावर छापलेलं असणं सक्तीचं करायला हवं.

एक आक्षेप मात्र मला पटत नाही, तो म्हणजे एकाने लावलं तर चोर शेजारी जाईल, एकूण चोऱ्या तेवढ्याच. ऐकायला तर्क बरोबर वाटतो. पण २००९ मध्ये जागेवरच गुन्हा करणं अवघड करणाऱ्या उपायांच्या १०२ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात गुन्हा दुसरीकडे सरकलेला दिसला तो साधारण २६ टक्के निरीक्षणांत, आणि उलट आजूबाजूच्यांनाही फायदा झाला असं २७ टक्क्यांत. ते सगळे अभ्यास धुराचे नव्हते, पण चोर हा पाण्यासारखा उतार दिसेल तिकडे वाहत जातो ही समजूत त्यातून बरीच ढिली होते. तरी पैशाचा प्रश्न राहतोच. इन्शुरन्स कंपन्या उद्या म्हणाल्या की मशीन नसेल तर क्लेम नाही, तर मोठ्या ज्वेलरला काही फरक पडणार नाही आणि छोटा दुकानदार मरेल, मग तो स्वस्तातलं काहीतरी कुठूनतरी मागवून लावेल आणि वर लिहिलेले सगळे धोके तिथेच गोळा होतील. म्हणून इन्शुरन्सवाल्यांनी प्रीमियममध्ये सूट द्यावी, सक्ती करू नये.

आणि लावलं की विसरलं असंही यात चालत नाही. लिक्विड जुनं होतं, नॉझल चोंदतं, बॅटरी मरते, ब्लॉक तापतोय की नाही ते बघावं लागतं, दुकानात नवीन रॅक उभं केलं की झोत त्यावर आदळून अर्धी खोली मोकळी राहते. वर्षातून एकदा तरी लायसन्स असलेल्या माणसाने येऊन तपासणी करावी, त्याची नोंद ठेवावी, आणि मशीन कधी सुटलं, कोणत्या सेन्सरने सुटलं, किती सेकंद चाललं याचा लॉग मशीनमध्येच राहावा, जो मालकाला पुसता येणार नाही आणि कोणाला इजा झाली तर पोलिसांना आणि इजा झालेल्या माणसाला दोघांनाही मागता येईल.